पैनगंगेच्या दोन तीरांवरचा कापूस

२० डिसेंबर १९९१ रोजी गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी जागतिक व्यापाराच्या नव्या कराराचा मसुदा सभासद देशांपुढे ठेवला. पुढची दोन-तीन वर्षे या स्विस अधिकाऱ्याचे नाव विदर्भ-मराठवाड्याच्या गावांत भाषणांमधून आणि पत्रकांमधून फिरत राहिले. शेतमालाची आयात-निर्यात, बियाण्यांवरची मालकी, कापडाचे कोटे, सरकारने शेतीला द्यायच्या अनुदानाच्या मर्यादा, असे बरेच काही त्या मसुद्यात होते. महाराष्ट्रात त्यावरून जो वाद पेटला, त्याच्या दोन टोकांना उभे असलेले दोन्ही नेते मराठी होते आणि दोघांचाही कापसाच्या मुलखाशी जवळचा संबंध होता.

एक दत्तोपंत ठेंगडी. त्यांचा जन्म १९२० मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा, म्हणजे भर कापूसपट्ट्यातला. भारतीय मजदूर संघ आणि भारतीय किसान संघ त्यांनी उभे केले होते. १९९१ च्या नोव्हेंबरात नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. डंकेल मसुदा म्हणजे देशाच्या आर्थिक पारतंत्र्याची सुरुवात, अशी त्यांची भूमिका होती. या एका मुद्द्यावर समाजवादी आणि डावे पक्षही त्याच बाजूला उभे होते.

दुसरे शरद जोशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघाच्या कार्यालयातली नोकरी सोडून ते १९७६ मध्ये परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि कांद्याच्या भावापासून शेतकरी संघटना सुरू केली. संघटनेला पुढे मोठे बळ मिळाले ते विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांकडून. आपल्या शेतकऱ्याला अनुदान मिळते हेच खोटे आहे, असे जोशी सांगत. निर्यातबंदी, जिल्हाबंदी, सक्तीची खरेदी यांच्या जोरावर सरकार त्याला जगाच्या बाजारापेक्षा कमी भाव देते, म्हणजे हे उणे अनुदान झाले. दार उघडू द्या, शेतकरी स्पर्धेला भीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या बहुतेक शेतकरी संघटना डंकेलच्या विरोधात असताना ते उघडपणे बाजूने उभे राहिले. कर्नाटकात त्याच काळात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने बंगळूरमध्ये कारगिल या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कार्यालयात घुसून कागदपत्रांची होळी केली होती. एकाच दख्खनच्या पठारावर शेतकऱ्यांच्या दोन मोठ्या संघटना एकाच मसुद्याकडे इतक्या उलट नजरेने पाहत होत्या.

हा वाद मराठीत भरपूर लिहिला गेला. तो वाचताना मला एक उणीव सतत जाणवते. पैनगंगेच्या पलीकडचा माणूस त्यात कुठेच नाही. नदीच्या दक्षिणेला आदिलाबाद जिल्हा. आदिलाबाद शहरातून नागपूर-हैदराबाद महामार्गाने दक्षिणेला उतरले की गुडीहत्नूर लागते, तिथून पूर्वेला उटनूरकडे वळले की वाटेत इंद्रवेल्ली. इथेही काळी जमीन आहे, इथेही पऱ्हाटी उभी असते, इथल्या आठवडी बाजारात गोंडी, कोलामी, तेलुगू आणि बंजारा बोलींच्या बरोबरीने मराठी चालते. इथला कापूस जिनिंगमध्ये जाऊन गाठींत बांधला गेला की तो यवतमाळचा की इंद्रवेल्लीचा हे कुणाला ओळखता येत नाही. मग जगाच्या बाजाराबद्दल या लोकांचे मत काय होते? ते मत होते, आणि ते डंकेलच्या कितीतरी आधी तयार झाले होते. फक्त ते पत्रकांत लिहिलेले नव्हते.

त्यासाठी मागे जावे लागते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिले. पुढच्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्या युरोपची नजर वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळली. रेल्वे आली, जिन-प्रेस आल्या, कापसाच्या देखरेखीसाठी इंग्रजांनी खास आयुक्त नेमला. खामगाव, अमरावती, हिंगणघाट ही नावे लिव्हरपूलच्या दलालांना पाठ झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. उत्तर तीराने जगाच्या बाजाराची तेजी आणि मंदी दोन्ही एकाच दशकात पाहिली. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या बोलण्यात बाजाराची जी जुनी ओळख दिसते, ती तेव्हापासूनची.

दक्षिण तीर निजामाकडेच राहिला. तिथे डोंगर, साग, आणि राजगोंड, कोलाम, परधान, तोटी, नायकपोड, आंध यांची गावे होती. तिथे जागतिक बाजार पहिल्यांदा आला तो कापसाच्या नव्हे, सागाच्या रूपाने: जंगल राखीव झाले, जंगल तोडून-जाळून करायच्या पोडू शेतीवर बंदी आली, गुरे चारण्यावर कर बसला. त्या जाचाविरुद्ध उठलेला कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. बंड का झाले हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. तो मारलवाई गावात राहिला, गोंडी शिकला, आणि त्याने सरकारला सांगितलेली मुख्य गोष्ट अगदी साधी होती: या लोकांच्या नावावर जमीन करा. १९४० च्या दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. दीड लाख एकरांच्या आसपास जमीन त्यांच्या नावे झाली.

या कामाला मराठी हातही लागलेले आहेत. इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबाद संस्थानच्या सेवेत होते. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले, त्यांच्या भाषेचे व्याकरण मांडले. मारलवाईच्या शाळेसाठी गोंडी वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत, कारण इथल्या गोंडांना मराठी आधीच परिचयाची होती. आणखी एक गोष्ट त्याच काळातली. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची माणसे गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात आणि त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. या जत्रेत अधिकाऱ्यांनी यावे, गावच्या पाटलांच्या आणि लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकाव्या, असा दरबार हायमेनडॉर्फच्या काळात सुरू झाला आणि तो आजही भरतो. जमीन, जंगल, पाणी, सावकार, भाव, हे सगळे या दरबारात बोलले गेले आहे. इथल्या लोकांचे मत कुठे शोधायचे, असा प्रश्न कुणाला पडला तर इथून सुरुवात करावी.

पट्टे मिळाले, पण ते टिकवणे वेगळे होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुदखेडहून रेल्वे आदिलाबादला येऊन पोचलेली होती. स्वातंत्र्यानंतर डोंगरात रस्ते झाले. गुडीहत्नूर-उटनूर रस्ता झाला तसा इंद्रवेल्लीचा बाजार वाढला. दुकाने आली, दुकानदार आले. मराठवाड्यातून, विदर्भातून शेतकरी आले. १९७२ च्या दुष्काळाने त्यात भर घातली. कायद्यानेही एक दार उघडले. तेलंगणात लंबाडा म्हणजे बंजारा समाजाला १९७६-७७ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. महाराष्ट्रात त्याच बंजारा समाजाला ते स्थान नव्हते. सीमा ओलांडली की माणसाचा दर्जा आणि जमीन घेण्याचा हक्क दोन्ही बदलत असतील तर माणसे सीमा ओलांडणारच. त्यांचीही गरिबी खरी होती. पण गोंड-कोलामांच्या वाट्याची जमीन आणखी आकसली हेही तितकेच खरे.

आणि याच वर्षांत डोंगरात कापूस चढला. आधी इथला गोंड प्रामुख्याने ज्वारी, तीळ, कडधान्ये पिकवत असे. घरापुरता कापूस असे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात एच-४ हा संकरित कापूस तयार झाला, पुढे नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४ आला आणि तो मराठवाडा, विदर्भ, आदिलाबाद असा सगळीकडे पसरला. संकरित कापसाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्याला खत लागते, फवारणी लागते. म्हणजे पेरणीच्या आधी पैसा लागतो. हा पैसा बँकेतून येण्यासाठी जमिनीचा कागद हवा, कागद वाचता यायला हवा, आणि शहरात जाऊन दोन दिवस घालवण्याची सोय हवी. ज्याच्याकडे यातले काही नाही तो इंद्रवेल्लीच्या दुकानात जातो. दुकानदार बी देतो, खत देतो, मीठ-मिरची, लग्नाचे कापड देतो. दिवाळीनंतर वेचणी झाली की कापूस त्याच्याच काट्यावर जातो. भाव तो सांगतो, कडता तो कापतो, आणि वहीत बाकी किती राहिली हेही तोच सांगतो.

जगाच्या बाजारातला भाव शेतापर्यंत कसा उतरतो हे एकदा नीट पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलचा दर रुईचा असतो. एक क्विंटल कापसातून साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. रुईच्या दरातून वाहतूक, प्रेसिंग, जिनिंग, व्यापाऱ्याचा नफा, व्याज, अडत, हमाली, तोलाई, ओलाव्याची कपात असे एकेक वजा होत जाते. शेवटी जे उरते तो शेतकऱ्याचा भाव. साखळीतल्या प्रत्येकाने आपला वाटा आधी काढून घेतलेला असतो. जगात भाव पडला की ती पडझड सगळीच्या सगळी शेवटच्या माणसापर्यंत पोचते. भाव चढला तर ती वाढ मधल्या हातांतून गळत गळत येते. आणि ज्याच्यावर उधारी आहे त्याला तर बाजार असा नसतोच. त्याच्यासमोर एकच गिऱ्हाईक असते आणि तेच त्याचा सावकारही असते.

कायदा कागदावर चांगला होता. आदिवासी क्षेत्रातल्या जमिनीचे हस्तांतर रोखणारा १९५९ चा नियम तेलंगणात १९६३ पासून लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने तो इतका कडक झाला की या भागातली जमीन मुळात आदिवासीचीच आहे असे गृहीत धरायचे आणि बिगर आदिवासीने ती दुसऱ्या बिगर आदिवासीला विकणेही बंद. तरी जमिनी जातच राहिल्या. हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात परत आला तेव्हा त्याने ज्यांना पट्टे मिळालेले पाहिले होते त्यांतली अनेक कुटुंबे स्वतःच्याच शेतात मजुरी करताना त्याला दिसली. त्याने हे सगळे लिहून ठेवले आहे. वाचताना त्याचा राग ओळीओळीत जाणवतो, आणि मला तो राग अगदी योग्य वाटतो.

२० एप्रिल १९८१, सोमवार. इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. आदिवासी शेतकरी-मजुरांच्या गिरिजन रयतु कुली संघमने तिथे सभा बोलावली होती. जमिनीचे पट्टे द्या, बाहेरच्यांनी बळकावलेल्या जमिनी परत करा, वनखात्याचा जाच थांबवा, सावकारी थांबवा, मालाला भाव द्या, अशा मागण्या होत्या. पोलिसांनी आधी दिलेली परवानगी ऐन वेळी रद्द केली, जमावबंदी लावली. पण डोंगरातल्या गावांना हे कळणार कसे? माणसे पहाटेच निघालेली होती. काही सभेला, कित्येक नुसत्या बाजाराला. बायका होत्या, पोरे होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला. नागरी हक्क संघटनांनी चौकशी करून सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पट होता, आणि कित्येक जखमी पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात न जाता जंगलातच मेले असे गावोगाव सांगितले जाते. तेव्हा आंध्र प्रदेशात टी. अंजय्या मुख्यमंत्री होते. दोन वर्षांनी तिथे स्मारकाचा स्तंभ उभा राहिला. १९८६ मध्ये तो उडवून देण्यात आला. मग पुन्हा बांधला गेला. त्यानंतर कितीतरी वर्षे दर २० एप्रिलला इंद्रवेल्लीत जमावबंदी असे, आणि मृतांच्या घरच्यांना स्तंभापाशी जायलाही पोलिसांची परवानगी घ्यावी लागे.

या गोळीबाराचा उल्लेख जागतिकीकरणाच्या इतिहासात सहसा येत नाही. तो नक्षलवादाच्या इतिहासात येतो. माझ्या मते तो दोन्हीकडे यायला हवा. त्या सभेच्या मागण्यांची यादी पाहा: जमिनीचा कागद, उधारी, काटा, भाव. बाजार डोंगरात शिरला तर कोणत्या अटींवर, हे ती माणसे सांगत होती. त्यांनी कापूस नको असे कुठेही म्हटलेले नव्हते.

आता पुन्हा नदी ओलांडू. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त पणन महासंघाच्या केंद्रावर घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका आणि हमीचा भाव. काही वर्षे शेतकऱ्याला तिचा फायदाही झाला. पण चुकारे रखडू लागले, केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, ग्रेडरच्या मर्जीवर माल चढू-उतरू लागला. आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादला खुला बाजार होता, रोख पैसे होते. बाहेरचा भाव चढा असला की यवतमाळ-नांदेडचा कापूस चोरवाटांनी आदिलाबादच्या जिनिंगमध्ये जाई. एकाधिकारचा भाव चढा असला की उलट दिशेने कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर येई. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या गाडीत घालून नदी ओलांडली तर तो गुन्हेगार ठरे.

हा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तर तीरावरच्या शेतकऱ्याला शरद जोशींची खुल्या बाजाराची भाषा पुस्तकातून पटवून द्यावी लागली नाही. खुला बाजार त्याला नदीपलीकडे डोळ्यांना दिसत होता आणि मध्ये फक्त एक नाका होता. पण ज्या आदिलाबादच्या बाजाराकडे तो आशेने पाहत होता, त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला इंद्रवेल्लीचा गोंड जमीन गमावत होता. यवतमाळचा शेतकरी तिथे गेला तर माल घेऊन, सातबारा खिशात असलेला, चार गिऱ्हाइकांत भाव विचारणारा माणूस म्हणून जाई. गोंडाकडे विचारायला दुसरे गिऱ्हाईक नव्हते. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. आपल्याकडच्या वैचारिक लेखनाने मात्र यातले एकच म्हणणे शेतकऱ्याचे म्हणून ऐकले.

उत्तरेलाही रक्त सांडले. राजीव गांधींच्या सरकारच्या १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला झुकते माप दिले. शेतकरी संघटनेने कृत्रिम धाग्याच्या कपड्यांच्या होळ्या केल्या. १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या भावाच्या आंदोलनात सुरेगावला पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. पाच वर्षांच्या अंतराने एकाच पिकाच्या मुलखात दोन गोळीबार झाले. एकात भाव मागणारे मेले, दुसऱ्यात भावाच्या आधी जमीन मागणारे.

१५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात करारावर सह्या झाल्या, १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. सुरुवातीला जोशींचे भाकीत खरे ठरतेय असे वाटले. १९९५ मध्ये जगात रुईचा भाव पौंडाला एक डॉलरच्या वर गेला होता. मग तो घसरत गेला आणि २००१ च्या अखेरीस चाळीस सेंटच्याही खाली आला. तीस वर्षांतला नीचांक. अमेरिका आपल्या पंचवीस हजारांच्या आसपास कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देत राहिली, कारण नव्या करारात तशा पळवाटा होत्या. भारतात आयात खुली झालेली, शुल्क अगदी कमी. स्वस्त रुईच्या लाखो गाठी बंदरांत उतरल्या. वरंगळच्या कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्या १९९७-९८ मध्ये साऱ्या देशाने वाचल्या, नंतर यवतमाळच्या वाचल्या. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. खुलेपणाच्या बाजूने उभे राहिलेल्यांना माझ्या मते एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: अमेरिकेचा खजिना तिथल्या शेतकऱ्याच्या पाठीशी उभा असताना अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याच्या किंवा उटनूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कुणाशी स्पर्धा करायची? ब्राझीलने हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत नेला आणि २००५ मध्ये खटला जिंकला. माली, बुर्किना फासो, चाड, बेनिन या चार आफ्रिकी देशांनी तो २००३ मध्ये कानकुनच्या परिषदेत मांडला. कापसाखाली जगात सर्वाधिक जमीन असलेल्या भारताचा आवाज त्या मानाने क्षीण राहिला.

त्या काळात आंध्र प्रदेश हे जागतिकीकरणाचे आवडते राज्य होते. चंद्राबाबू नायडूंच्या 'व्हिजन २०२०' या आराखड्यात शेतीवर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटवायचे होते. २००१ च्या उन्हाळ्याच्या शेवटी मेदक जिल्ह्यात 'प्रजा तीर्पू' नावाचा एक प्रयोग झाला. लहान शेतकरी आणि मजूर, त्यांत बहुतेक बायका, पंच म्हणून बसले. सरकारी अधिकारी, कंपन्यांचे प्रतिनिधी, शास्त्रज्ञ यांच्या साक्षी त्यांनी काही दिवस ऐकल्या, उलट प्रश्न विचारले आणि निकाल दिला. माणसांना शेतीतून उठवणे त्यांना मान्य नव्हते, जनुकीय बदल केलेली पिकेही नको होती. गावाच्या हातातले बियाणे आणि गावाची धान्यकोठारे हवी होती. व्यापारधोरणाबद्दल निरक्षर माणसे नीट विचार करून बोलू शकतात, फक्त त्यांच्यापुढे माहिती ठेवावी लागते आणि ऐकायला बसावे लागते, हे त्या काही दिवसांत दिसले. २००४ च्या निवडणुकीत नायडू हरले.

बियाण्याची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. मोन्सँटोचे जनुक आणि जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेली महिको कंपनी, यांच्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. सभांमध्ये विरोध झाला आणि शेतात ते बी झपाट्याने पसरले. लोकांना बोंडअळीपासून सुटका हवी होती. विदेशी की देशी हा प्रश्न पेरणीच्या वेळी मागे पडला. पण ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे-अठराशे रुपये मोजताना त्यांना जाच वाटत होता, आणि २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे तक्रार करून ती किंमत ७५० रुपयांवर आणायला लावली. एका राज्याने आपल्या शेतकऱ्यासाठी बहुराष्ट्रीय कंपनीशी दोन हात केल्याचे हे उदाहरण आपण पुरेसे लक्षात ठेवलेले नाही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषाने शेतमजूर आणि शेतकरी मेले. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने बंदी असलेले तणनाशकरोधी बी जाहीरपणे पेरून तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. आणि तेच 'चोर बीटी', पावती नसलेले, जबाबदार कुणी नसलेले, सीमेच्या दोन्ही बाजूंना विकले जात राहिले.

याच डोंगरात दुसरी एक वाटही निघाली. २००४ पासून चेतना ऑरगॅनिक या संस्थेने आदिलाबादच्या गोंड-कोलाम शेतकऱ्यांना आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना गटांत बांधून विनारासायनिक कापूस पिकवायला आणि तो युरोपातल्या न्याय्य व्यापाराच्या ग्राहकांपर्यंत न्यायला सुरुवात केली. परदेशी ग्राहक इथेही होता. पण मध्ये शेतकऱ्याचा स्वतःचा गट होता आणि बी-खताची उधारी नव्हती. हा प्रयत्न एकूण कापसाच्या मानाने लहानच आहे. तरी बाजार कसा असावा याबद्दल १९८१ च्या सभेने जे मागितले होते त्यातला काही भाग त्यात दिसतो.

मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली तेव्हा कृषिमंत्री शरद पवारांनी आपल्याला विचारलेही नव्हते असे उघड सांगितले, शेतकरी संतापले आणि आठवडाभरात बंदी मागे घ्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये उलट घडले. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, कापड गिरण्यांना दिलासा हवा होता, म्हणून सरकारने रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका नवा कापूस बाजारात येण्याचा काळ. त्याच्या महिनाभर आधीच ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला होता आणि त्याने कापड निर्यातीला बळ मिळेल असे सांगितले जात होते. निर्यात अडवली की राग, आयात मोकळी केली की राग, यात शहरातल्या माणसाला विसंगती वाटते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळा गिरणीला स्वस्त रुई मिळावी म्हणून त्याचाच भाव खाली आणला गेला.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली होता, त्यामुळे सगळी भिस्त भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीवर आली. आदिलाबादच्या बाजार समितीत गाड्या लागल्या. पावसाने भिजलेला कापूस बारा टक्के ओलाव्याच्या मर्यादेत बसेना. तेलंगणात एकरी बारा क्विंटलऐवजी सातच क्विंटल घेणार असे ठरले, त्यावरून आंदोलने झाली. आणि विकण्याआधी 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर नोंदणी सक्तीची होती: आधार, पेरणीची नोंद आणि जमिनीचा कागद. इंद्रवेल्लीच्या आसपास जो वनहक्काच्या वादात अडकलेली जमीन कसतो, जो आजोबाच्या नावावर राहिलेले शेत कसतो, जो दुसऱ्याचे शेत ठोक्याने करतो, त्याच्या हातात तो कागद नाही. त्याचा कापूस हमीभावाच्या केंद्रावर जाऊ शकत नाही. तो रस्त्यावरच्या खाजगी काट्यावर जातो, आणि तिथे भाव काट्यावाला सांगतो.